पाणकणसांचा पट्टा

प्रिय पियुष,

तुझा फोन आला तेव्हा मी म्हणाले होते, तळ्याचा निकाल लागू दे, मग सांगते. लागलाय. म्हणून आधी तळ्याचंच लिहिते.

बाभुळगावजवळच्या या तळ्यातली पाणकणसं मुळापासून उपटायची, असं गावात जवळपास ठरलंच होतं. त्यांच्यामुळे पाणी कोंडतं आणि नळाला गढूळ येतं, असं लोकांचं म्हणणं. आपण दोघांनी नागपुरात रचलेलं पाण्याच्या प्रवाहाचं संगणकी मॉडेल मी या तळ्यावर चालवलं. तळ्याचे बारीक चौकोन पाडले. प्रत्येकात खोली, वारा, झाडोरा किती दाट ते भरलं. पाण्याच्या जोराने देठ वाकतात, हे तुझं म्हणणंही त्यात धरलं. उत्तर उलटं आलं. सगळी कणसं काढली, की नाल्याचा गढूळ लोंढा सरळ नळाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे धावतो. नाल्याच्या तोंडाशी पट्टा राखला, तर लोंढा मंदावतो, गाळ तिथंच बसतो.

ग्रामसभेत पडद्यावर रंगीत बाण दाखवले. मग मासेमारी संस्थेच्या कोकिळाबाई उठल्या. "मॅडम, बाण दिसून राह्यले, पण आमचा डोंगा कुठून जाईन?" मी म्हटलं, तुम्ही वाट सांगा, तशी घालून बघू. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच डोंग्यात बसून वाट आखली, मॉडेल पुन्हा चालवलं, गावाला पटलं आणि पट्टा वाचला.

ऑगस्टात पाऊस कोसळला. पाणी गढूळलंच, आपल्या आकड्यांपेक्षा उशिरा निवळलं, मी धास्तावले होते. पण निवळलं. कोकिळाबाई नळाचं पाणी पेल्यात घेऊन आल्या. "पाह्य पोरी, बूड दिसून राह्यलं." मला रडू आलं, का ते तुला कळेल.

आता तुझं. लग्न करू, इकडे ये, माझ्याच प्रयोगशाळेत जागा आहे, असं त्या फोनवर म्हणालास. तिथला काचेचा लांब हौद, त्यात कणसांच्या देठांऐवजी रोवलेल्या प्लास्टिकच्या काड्या, तू किती हौसेनं दाखवल्यास! मी येत नाहीये, पियुष. दिग्रसकडच्या दोन तलावांचं काम मिळालंय, पण ते निमित्त झालं. मला इथंच, खऱ्या चिखलात उभं राहून हे करायचंय. तूही तुझं सोडून यावंस, असं मी कधीच म्हणणार नाही. फोनवर बोलले असते, तर तू समजावलं असतंस आणि मी विरघळले असते. म्हणून पत्र. माझ्यासाठी थांबू नकोस. आजवर खाली 'तुझीच' लिहीत आले. आज हात तिथं अडला.

तुझी,
सुरभी