डागांची वेल

चिंचवड, ९ नोव्हेंबर १९५७. संध्याकाळ.

गेल्या आठवड्यात कारखान्यातल्या माळ्याकडून वेल विकत घेतली. पानं हिरवी, वर पांढरे डाग. माझ्या धाकट्या लेकीच्या, शकूच्या हातावर कोड आहे. पुढच्या महिन्यात तिला पाहायला पाहुणे येणार, त्यांना कोडाचं सांगितलेलं नाही. असली पानं दारात कशी ठेवायची? माळी म्हणाला होता, "अंधारात ठिवली तर नवी पानं बिनडागाची येत्यात." म्हणून कोठीत ठेवली.

आज पाणी घालताना शकूनं कारण विचारलं. मी सांगून बसलो.

"मग आबा, मलाबी ठिवा की कोठीत."

हसली का? मी पाहिलं नाही. वेल उचलून दारात आणली. उजेडात डाग फारच दिसतात. दिसू देत. उद्या पाहुण्यांकडे जाऊन सांगावं. नाही म्हणतील का? म्हणतील बहुतेक.