इबारा विरुद्ध लिंडवॉल

मी, निनियन पेटिग्रू, वय ७६, पूर्वीचा धंदा गोल्फच्या मैदानावर माळीकाम, राहणार मैदानाच्या कडेचे दगडी घर, पोर्टलॉरी, फाइफ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचा हिवाळा पाहिला तर नशीब. मला कोणी भरीस घातलेले नाही. घातले असते तर हे काम बावीस वर्षे रखडले नसते.

कलम १. बँकेतली शिल्लक माझी बहीण जेसी हिला. तिने त्यातून गुडघ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. चर्चच्या छपराला एक पैसा देऊ नये, छप्पर तिच्या गुडघ्यापेक्षा मजबूत आहे.

कलम २. लांब दांड्याचे विळे, खुरपी आणि हिरवळीत होल पाडायचे यंत्र हे सगळे मैदानाची सध्याची माळीण शोना बेथ्यून हिला. यंत्राचे पाते माझ्या वडिलांच्या वेळचे आहे, ते पुसल्याशिवाय ठेवू नये. क्लबचे माजी सेक्रेटरी डालरिंपल यांना काहीही नाही. सातव्या होलची हिरवळ त्यांनी परस्पर टाकलेल्या खताने जळाली, हे ते मला एकट्याला बोलले आणि सभेत विसरले. माझ्या अंत्यविधीला त्यांनी यावे, भाषण करू नये.

कलम ३. माझे राहते घर एल्स्पेथ मकरेडी हिला, राहणार ४, बंदराच्या पायऱ्या. का, ते लिहिणे भाग आहे.

एल्स्पेथ हाय स्ट्रीटवरच्या पैजेच्या दुकानात खिडकीमागे बसायची. गोल्फची स्पर्धा कोण जिंकणार यावर पैसे लावणाऱ्यांना ती हसायची. आम्हा दोघांना आवडायची ती जोडीची पैज: यादीतले दोन खेळाडू घ्यायचे आणि त्यांच्यात पुढे कोण राहील एवढेच पाहायचे. बाकीचे शंभर जण गेले उडत. दर गुरुवारी दुकान बंद झाल्यावर एक जोडी आम्ही आमच्यासाठी निवडायचो. एक तिचा, एक माझा. रविवारी हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या दारी तळलेले मासे घेऊन जायचे. आमच्या गावात हरलेला आपल्या पायांनी जातो, जिंकणारा मागायला येत नाही. अशी अकरा वर्षे गेली. तेवढे मासे मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

लग्न करायचे आमचे ठरले होते. अडले होते ते घरावर. तिला बंदर सुटेना, मला माझे गवत. सकाळी खिडकी उघडली की पहिल्या होलवरचे दव दिसले पाहिजे, असे माझे वेड होते. शेवटी ती म्हणाली, "लाव पैज, माळीबुवा. हरेल त्याने बोचकं उचलायचं."

तिने इबारा घेतला, मी लिंडवॉल. एरवी आमचे खेळाडू मधेच कुठेतरी लोळत असायचे. त्या रविवारी मात्र दोघे बरोबरीने पहिले आले आणि समुद्रावरून धुके चढले. बरोबरी मोडायचा जादा खेळ सोमवारवर गेला.

"बरोबरी," मी म्हणालो. "म्हणजे पैज रद्द."

"उद्याचा खेळ धरतात की नाही, ते तुला चांगलं ठाऊक आहे," ती म्हणाली.

ठाऊक होते. दुकानाच्या भिंतीवर नियम लिहिलेला होता: जादा खेळात जो पुढे, पैज त्याची. सोमवारी सकाळी मी गवत कापत असताना रेडिओवर ऐकले. इबारा दुसऱ्या जादा होलवर जिंकला. मी यंत्र बंद केले नाही. त्या दिवशी गेलो नाही, आठवड्याने लाज वाटली, वर्षाने तोंड दाखवायची सोय उरली नाही. ती मागायला आली नाही. का येईल?

आता मासळीवाल्याकडे भेट होते. ती मान हलवते, मी टोपीला हात लावतो. दव मी रोज पाहतो. बावीस वर्षांत एकही सकाळ अशी गेली नाही की ती शेजारी नाही हे जाणवले नाही. मला तिची फार आठवण येते. म्हणून ज्या घरापायी मी हरल्याचे कबूल केले नाही, ते तिला द्यावे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. वरचे लिहून झाल्यावर लक्षात आले की घर चालत जात नाही, हरलेल्याने जायचे असते. मी मासे घेतले, हा कागद घेतला आणि पायऱ्या चढलो. दोनदा बसावे लागले. एल्स्पेथने चष्मा लावून उंबऱ्यातच सगळे वाचले.

"घर मला नको," ती म्हणाली. "तेव्हाही नको होतं."

"मग कलम तीन खोडू?"

"खोड. ज्याला मिळतं त्याने साक्षीला राहू नये म्हणतात. नाव खोडल्यावर मला साक्षीला बसता येईल ना?"

"येईल."

"मग आत ये. पाय पूस. आणि मासे गार झालेत, ते आधी गरम करते."

म्हणून कलम ३ रद्द. घर शोनाला द्यावे, तिला गवत जवळ पडेल. आरंभी लिहिलेला माझा पत्ताही रद्द समजावा. मी सध्या जिथे आहे, यापुढे तिथेच राहणार.

सही: निनियन पेटिग्रू
साक्षीदार: १. एल्स्पेथ मकरेडी. २. टॉरक्विल गॅव्हिन, मासळीवाला, शेजारी.
ठिकाण: ४, बंदराच्या पायऱ्या, पोर्टलॉरी.
तारीख: ९ सप्टेंबर, सोमवार.