सीटवरचे केस

डॅरेल,

परत येऊ का, म्हणून विचारतोस? वायोमिंगचा तो वारा आठव, तुझ्या नव्या ट्रकमागे आपला राहायचा ट्रेलर जोडला होता. मी सांगत होते, जनरेटर ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू नकोस, मागे जड झालं की ट्रेलर झुलतो.

"गप बस गं, आयुष्य गेलं माझं ट्रेलर ओढण्यात!"

तो झुलायला लागल्यावर तू करकचून ब्रेक मारलास. ट्रेलर तुटून खड्ड्यात गेला, चुरा झाला. तू उतरून आधी ट्रकवर हात फिरवलास. "ओरखडासुद्धा नाही!"

आपला म्हातारा कुत्रा बिस्किट ट्रेलरमध्ये होता. ट्रकच्या नव्या सीटवर केस नकोत म्हणून तूच त्याला तिथे कोंडलं होतंस.

घटस्फोटात ट्रक मला मिळाला. तुझ्या त्या लाडक्या सीटवर आता नवं पिल्लू बसतं. केस मी झाडत नाही.

हे पत्रही पोस्टात टाकणार नाही. बस वाट बघत.

मार्लीन