विमानावरची डोरिस

१४ मार्च, शनिवार. कॅरी

शेजारच्या मार्थांचे वडील दुसऱ्या महायुद्धात युरोपात फायटर पायलट होते. त्यांच्या विमानाचं मॉडेल मी महिनाभर करतोय. पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे झाले, शेपटी झाली. राहिलं ते नाकावरचं नाव, डोरिस. पायलट तिथे बहुधा बायकोचं नाहीतर प्रेयसीचं नाव रंगवत. "ते नको," असं मार्थांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्या आईचं नाव हेलन. मी कशाला विचारू?

आज त्यांचा जुना फोटो स्कॅन करून मोठा केला. कॉकपिटखाली वडिलांचं नाव, आणि त्या रंगाखाली पुसट दुसऱ्याच पायलटचं. म्हणजे विमान आधी त्याचं. डोरिसही त्याचीच असणार. सांगावं का? बायको, सुधा, म्हणाली, "अरे, आत्ताच जा."

गेलो, दोन्ही नावं दाखवली. मार्थांनी त्या पुसट नावावरून बोट फिरवलं. "आई या नावावरून आयुष्यभर भांडली. बाबा एवढंच म्हणायचे, ते नाव पुसायचा मला हक्क नाही. आम्ही भलताच अर्थ लावला."

नाव लिहायचं का, विचारलं. त्यांनी मानेनं हो म्हटलं. फोटोत रंग कळत नाही, म्हटलं.

"पिवळा," त्या लगेच म्हणाल्या. "लहानपणी मी बाबांना विचारलं होतं. आईला न सांगता."