पडताना कुणी पाहिलं का?

दि. ९ नोव्हेंबर

चि. छोटू,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? बाबांचं सामान बांधून झालं. उद्या ते तुझ्याकडे येताहेत, कायमचे. स्वेटर बॅगेत वरच आहेत, औषधं हातातल्या पिशवीत. हे पाकीट त्यांच्याच हाती देतेय. उघडणार नाहीत, दुसऱ्याचं काही वाचायचा त्यांना कंटाळा.

कायमचे का, असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी "आता झेपत नाही" म्हटलं. थाप मारली. मला व्यवस्थित झेपतं.

बाबांचं हृदय थांबलं होतं ते आठव. आईनं त्यांना पडताना पाहिलं, धावली, माणसं येईपर्यंत छाती दाबत राहिली. दोन बरगड्या मोडल्या. तू हृदयाचा डॉक्टर, मिळेल त्या विमानानं आलास, इथल्या डॉक्टरांशी भांडलास. "शुद्धीवर यायला वेळ लागतो, थांबा!" थांबलो. बाबा उठले आणि वर्षभर आईला ऐकवत राहिले, "बाई आहेस की पहिलवान?" ती हसायची. माझे हात शिवशिवायचे.

आई पडली, तिचंही हृदय थांबून ती दवाखान्यात श्वासाच्या नळीवर होती, तेव्हा तू फोनवरूनच विचारलंस. वय किती, ठोके कसे, पडताना कुणी पाहिलं का. बाबा म्हणाले, "मी बाल्कनीत होतो. अर्धा तास तरी तशीच पडली असेल." तू ते तुझ्या, वाचण्याची शक्यता काढायच्या कोष्टकात भरलंस. "ताई, शंभरात दोन. बायकांचं तसंही कमीच येतं. हाल नको करूस तिचे." मी सही केली. नळी काढली तेव्हा तिचा हात गरम होता रे.

परवा जेवताना बाबा माझी अक्कल काढत होते. "तुझी आईही अशीच हट्टी. पडली तीसुद्धा तोऱ्यात! आधी ओटा धरला, मग गुडघ्यावर आली, मग आडवी. मला वाटलं, सकाळच्या भांडणाचं नाटक चाललंय. म्हटलं, उठेल आपली आपण."

मी विचारलं, "तुम्ही तर बाल्कनीत होतात ना?"

"छे, समोरच होतो. पेपरचं एक पान उलटलं असेल, मग मारली की शेजाऱ्यांना हाक! लोकांना काय सांगणार होतो? बायको पडली आणि मी बघत बसलो?" आणि मीठ मागितलं.

मी दिलं.

एक पान, छोटू. अर्धा तास नाही. ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण तू "थांबा" म्हणाला असतास. की नसतास? तूही काही धुतल्या तांदळासारखा नाहीस. बाबांसाठी धावत आलास, आईसाठी आकडा पाठवलास. भर आता तेच कोष्टक, खरी उत्तरं घालून. येईल तो आकडा बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मला कळवू नकोस.

इथले डॉक्टर म्हणतात, त्यांचं हृदय पुन्हा कुरकुरतंय. थांबलं तर सोडू नकोस. छाती दाब, मशीन लाव, वाट बघ, तुला छान जमतं ते. मरून सुटायचं नाही त्यांनी. रोज तुझ्यासमोर ताटावर बसू देत, आणि तू रोज त्यांच्याकडे बघ.

बाबांना उदंड आयुष्य लाभो, तुझ्याच घरात.

जिनं सही केली ती,
ताई