वहीचं उजवं पान

असोदा, शुक्रवार

प्रिय दिपमाला,

सायकलच्या चाकापासून केलेलं तार गुंडाळायचं मशिन, त्याला वेढे मोजायला बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचा काउंटर. नानांच्या मळ्यातून केळीचे घड न घासता आणायची गाडी. बुडाला लोखंडी चकती बसवलेला चारशे तीस ग्रॅमचा पेला, तुझा हात थरथरायचा तेव्हा चहा सांडू नये म्हणून. आणि गोळ्यांची एकवीस खणांची डबी, प्रत्येक खणाला वेगळं झाकण. आठवी नापास माणसाने एवढं आपल्या हातांनी केलं, कोणाकडे न शिकता. जळालेली मोटार नव्या तारेने भरावी तर लीलाधरनेच, असं भुसावळची गिऱ्हाइकं म्हणतात. बरं, मीही म्हणतो.

तुझ्या बुबुळाभोवतीचं कडंसुद्धा आधी मलाच दिसलं होतं. नव्या तारेवरच्या वार्निशसारखं, तपकिरी. डॉक्टर म्हणाले, खाण्यातून आलेलं तांबं हिच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतंय. मी जन्मभर तांब्याच्या तारेवर पोट भरलेला माणूस. तीन दिवस शटर उघडलं नाही. माझ्या तारेचा काही संबंध नाही, आजार जन्माचा आहे, आई-बाप दोघांकडून आलेला, असं त्यांनी दोनदा समजावलं तेव्हा कुठे कामाला लागलो.

मग ती पहिली गोळी आली आणि महिनाभरात आपल्या घरात मिठावरून भांडण पेटलं. तू भरीत बाजूला सारलंस, मीठच नाही म्हणालीस. मी तुझ्या आईवर तापलो. तिने चिडून मीठ वाढवलं, तरी तुझं तेच, आणि आम्ही दोघं खारट वरण गिळत बसलो. शेवटी मी दुकानातला तार तोलायचा काटा ओट्यावर नेऊन ठेवला. तुझी आई धुळ्याकडची, रागावली की अहिराणीवर जाते. म्हणाली, "मीठ बराबर शे! तुमनी पोरनी जीभ बिघडेल शे, ती तोला ना काट्यावर!" मी हसलो. अकरा दिवस मीठ तोललं, वहीत लिहिलं, आणि डॉक्टरांना दाखवायला गेलो. ते म्हणाले, या गोळीने काहींची चव जाते. म्हणजे जे कळायला काट्याला अकरा दिवस लागले, ते तुझ्या आईला एका घासात कळलं होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पुढे लघवीला येणारा फेस मात्र मी घड्याळ लावून पकडला. चार मिनिटं झाली तरी विरत नव्हता. तपासणीत प्रथिनं निघाली, डॉक्टरांनी गोळी बदलली आणि माझी वही परत देताना उभे राहिले. खुर्चीतून उठून, दिपमाला. आठवी नापास माणसासाठी.

त्याच वहीने घात केला. या रविवारी तू धुळ्याहून आईला फोनवर म्हणालीस की नव्या गोळीने रोज सकाळी मळमळतं, नऊ दिवस झाले, घेतलेली नाही. आणि पप्पांच्याच वहीत लिहिलंय की या गोळ्या काय काय करतात. मी शेजारीच होतो. फोन मागून घेतला नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो.

सोमवारी वही काढून पुन्हा वाचली. दुरुस्तीच्या रजिस्टरात मी डाव्या पानावर बिघाड लिहितो आणि उजव्या पानावर, चालू करून पाहिल्यावर मोटार कशी चालली ते. तुझ्या वहीत डावी पानं गच्च आहेत: चव, पुरळ, फेस, मळमळ. उजवी सगळी कोरी. जे बिघडलं ते मी लिहिलं, जे चाललं ते लिहिलंच नाही. अशी वही दुकानात कोणी ठेवली असती तर मी त्याला कामावरून काढलं असतं.

आता भरली आहेत. सुईत दोरा ओवलास, पहिल्याच खेपेला. जड पेला परत करून म्हणालीस, "पप्पा, यात आता तुमचे स्क्रू ठेवा." नर्सिंगच्या प्रात्यक्षिकात तुझ्या हातातली सिरिंज हलली नाही. तू हे फोनवर सांगितलंस तेव्हा दुकानात बसलेल्या हिलालभाऊंना मी तीनदा ऐकवलं, ते म्हणाले, लीला, पुरे. आणि मोटार एका दिवसात जळत नाही हे तुला माझ्या दुकानातच कळलंय. बाहेरून चालू दिसते, आत तापत असते; गोळी सोडली की तांबंही तसंच आत साठतं. डॉक्टरांना मी विचारलं: सकाळची गोळी नाश्ता आणि जेवणाच्या मधोमध घेतली तर मळमळ कमी होते. त्याने थांबली नाही तर ते दुसरा उपाय करतील. पण बंद करायची नाही, आणि या आठवड्यात रक्त तपासायला यायचं.

हे पत्र मात्र कालच्या माणसामुळे लिहितोय. जळगावचा चूर्णवाला, त्याच्या चक्कीची साडेसात हॉर्सपॉवरची मोटार भरायला आणली होती. खिळ्याला टांगलेली तुझी वही त्याने चाळली आणि म्हणाला, "भाऊ, ही डावी पानं मला द्या. शेजारी पोरीचा फोटो छापू आणि खाली एकच ओळ, गोळ्या सोडल्या नि चूर्णाने बरी झाली." मी उजव्या पानांचं विचारलं. म्हणाला, "ती कोण वाचतं?" तुझा धुळ्याचा पत्ताही मागत होता. मी दिला नाही, पण असे लोक पत्ता काढतात. तो आला तर तुला आधीच ठाऊक असावं की तू नऊ दिवस जे करत होतीस, तेच तुझ्या फोटोखाली छापायचे त्याने तुझ्या बापाला पाच लाख रुपये देऊ केले होते, आणि मी नाही म्हणालो.

तुझाच,
पप्पा