साडेएक्केचाळीस इंचांचं लेट्यूस

मु. पो. नाटे
रविवार, ९ डिसेंबर २००१

प्रिय मित्र अस्लम,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. दिवसभर हॉटेलात लोकांसाठी रांधून स्वतः रोजे पाळायचे हे तुलाच जमतं. गुडघा कसा आहे? मी दिलेलं उंडीचं तेल लावतोस, की मस्कतच्या कपाटात नुसतं ठेवलंयस? इकडे रझियावहिनी, फिजा आणि तुमची दोन्ही शेरडं खुशाल. फिजाचं लग्न अठ्ठेचाळीस दिवसांवर आलं (आजचा दिवस धरला तर एकोणपन्नास).

'सालाड कुठवर आलं?' असं तू विचारलंस. आधी एक दुरुस्ती. वाफ्यात असतं ते लेट्यूस, चिरून ताटात पडलं की सालाड. मे महिन्यात तू बियांचं पाकीट आणलंस तेव्हा वहिनी म्हणाल्या की आपल्या कातळावर हे व्हायचं नाही. त्यावर मी सगळ्यांदेखत फिजाला शब्द दिला, की तुझ्या बापाच्या हॉटेलात असतं तसलं हिरवं पान तुझ्या लग्नाच्या ताटात माझ्या मागीलदारचं पडेल. पोरीने तो शब्द होणाऱ्या सासरीही कळवून टाकला आहे. तेव्हा पुढचं जरा गांभीर्याने वाच.

पाकिटावरचा मजकूर मी शब्दकोश घेऊन स्वतः लावला (शाळा सातवीत सुटली, वाचन सुटलेलं नाही). त्यात 'भरपूर ऊन हवे' असं स्वच्छ लिहिलं होतं, म्हणून वाफ्यावर येणारी जामाची फांदी तोडली. खत म्हणून सुक्या मासळीची कुटी घातली, माडाला घालतो तीच. तिसऱ्या दिवशी वाफ्यात अकरा मांजरं. त्यातला काळा बोका तुमचा, हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. पुन्हा माती भरली, पुन्हा पेरलं, वर जुनं जाळं ताणलं. मग शंका नको म्हणून एसटी बदलत बदलत दापोलीला विद्यापीठात गेलो. तिथले एक सर फार सभ्य. माझी वही पाहिली (रोजची उंची, पाण्याचे तांबे, सगळं लिहिलेलं आहे), पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "रावजी, हे ऊन हॉलंडचं आहे हो. आपल्याकडे सावली धरा." मी म्हटलं, सूर्य एकच आहे. ते हसले आणि त्यांनी चहा मागवला. मी घरी परतलो तोवर जामाच्या फांदीवर आंघोळीचं पाणी तापून झालं होतं.

असो. परिणाम सांगतो. आज सकाळी मोजलेली उंची साडेएक्केचाळीस इंच. वर पिवळी फुलं. पाकिटावरच्या चित्रातलं लेट्यूस याच्या गुडघ्याला लागणार नाही. आमची सगुणा म्हणते, "आता एक शिडी आणा, म्हणजे पाडता येईल." तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

तुझाच,
रावजी

ता. क. चवीचं लिहायचं राहिलं. कडू आहे. सगुणाने सुकट घालून भाजी केली, टोपभर पाल्याची वाटीभर झाली आणि मी ती औषधासारखी संपवली. तुमच्या शेरडांनीही वास घेऊन मान फिरवली. तेव्हा वीस जानेवारीला येताना पहिल्या पंगतीपुरते वीस गड्डे आण, मुळांसकट, ओल्या पंच्यात गुंडाळून. मी पहाटे वाफ्यात बसवीन. फिजाला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. २. गड्डे पाकिटावरच्या चित्रासारखेच हवेत. लोक चित्र बघून गेलेले आहेत.

अस्लमभावजी, ह्यांनी पत्राचं पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि शिताने चिकटवता चिकटवता मी वाचलं. रोज पाचला उठून त्या कडू झाडांना पाणी घालतात, वर त्यांच्याशी बोलतातसुद्धा. फिजा इथेच बसली आहे, तिनेही वाचलं. ती म्हणते, अब्बांना लिहा, गड्डे आणाच, आणि सगळ्यांसमोर वाफ्यातून उपटायला मीच जाणार. तेवढी मुळं लांब बघून आणा. पोरगी म्हणते, जोर लावल्यासारखं दिसलं पाहिजे.
– सगुणा